आठ दिवस पाणी नाही

जानेवारीत एका सकाळी गच्ची झाडताना कुंडीचा तडा दिसला. काठापासून तळापर्यंत नागमोडी रेघ, आणि त्या रेघेतून बाहेर आलेलं करंगळीएवढं हिरवं टोक. कोरफडीचं पिल्लू होतं ते. आत जागाच उरली नव्हती, म्हणून त्यानं कुंडी फोडून वाट काढली होती.

ही कोरफड आईच्या साताऱ्याच्या परसातली. सात वर्षांपूर्वी ती एसटीनं पुण्याला आली, वर्तमानपत्रात गुंडाळून, मुळांशी मातीचा कणही नसलेली. आता तिला नवी कुंडी द्यायलाच हवी होती, आणि मी महिनाभर ते काम पुढे ढकलत होते. त्याला कारण होतं.

गेल्या जुलैत हिचंच एक पिल्लू काढून मी बाहेरच्या खोलीत ठेवायला निळ्या चिनी मातीच्या कुंडीत लावलं होतं. कुंडी सुंदर होती, पण तिला तळाला भोक नव्हतं. तिच्यात नुसतं कोकोपीट भरलं, लावल्या लावल्या तांब्याभर पाणी घातलं आणि रोज सकाळी थोडं थोडं घालत राहिले. बाराव्या दिवशी खालचं पान नुसतं हात लावताच सुटून आलं. बुडाशी ते शिजलेल्या कांद्यासारखं पारदर्शक झालं होतं आणि त्याला कुजक्या पाण्याचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी सगळं झाड आडवं झालं. एवढं जपूनही ते गेलं, हे मला फार लागलं.

आईला फोन केला तेव्हा तिनं एकच विचारलं, "पाणी कधी घातलंस?" "लावल्यावर लगेच," मी म्हटलं. "अगं, जखम ओली ठेवतात का कधी?"

तिच्या त्या प्रश्नात सगळं आलं. झाड उपटलं की मुळं तुटतात, ती कितीही हळू काढली तरी. पाणी ओढण्याचं काम करणारे मुळांवरचे केसासारखे तंतू तर जवळजवळ सगळेच जातात. म्हणजे लावल्या दिवशी कोरफडीला पाणी पिताच येत नाही. आपण घातलेलं पाणी नुसतं मातीत साचून राहतं, तुटल्या जागा ओल्या राहतात आणि तिथून बुरशी आत शिरते. साचलेल्या पाण्यामुळे मुळांना हवा मिळेनाशी होते, ते वेगळंच. मोगरा किंवा तुळस लावल्यावर आपण भरपूर पाणी घालतो, कारण त्यांची पातळ पानं तासाभरात माना टाकतात. कोरफडीचं तसं नाही. तिचं पाणी तिच्या पानांत आहे.

किती आहे, ते बाजारात दिसतं. दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोरफड उलटी टांगतात. माती नाही, पाणी नाही, मुळं वर, शेंडा खाली. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दिवाळीत टांगलेली कोरफड होळीला हिरवी होती. जरा सुकली होती, पण पानांची टोकं वळून पुन्हा आभाळाकडे गेली होती. मी तिच्याखाली उभी राहून बराच वेळ बघत होते. जे झाड उलटं टांगून चार महिने जगतं, ते माझ्या घरी बारा दिवसांत कुजलं होतं.

हा काटकपणा येतो कुठून? बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात आणि त्याबरोबर पाणी गमावतात. कोरफड, पानफुटी, जेड ही मंडळी दिवसा छिद्रं मिटून बसतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. याचा एक जुना सुगावा आपल्याकडच्याच पानफुटीनं दिला. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1813 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीला पत्रानं कळवलं, की या झाडाचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसभरात संपतं, हे त्याच्या जिभेला कळलं होतं. अशी झाडं पाणी फार सावकाश वापरतात. त्यामुळे त्यांची कुंडीही सावकाश सुकते आणि रोज पाणी घालणाऱ्याच्या कुंडीत ते साचत जातं.

तरीही पाणी म्हणजे त्यांचा वैरी नव्हे. आपल्या सह्याद्रीत पाहा. कातळाच्या कपारींत निवडुंग वाढतो. शिंदळ माकुडी ही फक्त महाराष्ट्रात सापडणारी रसाळ वनस्पती, शिवनेरीसह मोजक्याच ठिकाणी कड्यांच्या भेगांत मूठभर मातीवर जगते. पावसाळ्यात पानं धरते, पाऊस संपता संपता गडद लाल चांदणीसारखी फुलं देते आणि उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या मांसल खोडावर तग धरते. चार महिने पाऊस झोडपतो तरी ती कुजत नाही, कारण कड्यावर पाणी थांबत नाही. आपल्या कुंडीत तेवढंच जमवायचं आहे: पाणी यावं आणि निघून जावं.

मग फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मी काम काढलं. आधीचे दहा दिवस पाणी बंद ठेवलं होतं, त्यामुळे माती कोरडी होऊन काठापासून सुटली होती. तडा गेलेली कुंडी आडवी केली, दोन थापा मारल्या आणि खापऱ्या बाजूला झाल्या. आत मुळांचा आणखी एक कुंडीच्या आकाराचा गोळा होता. कोरफडीची मुळं जाड असतात, पिवळसर, ओल्या हळकुंडाच्या रंगाची. बोटांनी माती झाडत गेले तशी अकरा पिल्लं सुटी झाली. ज्यांना स्वतःची मुळं होती ती वेगळी केली, नव्हती ती आईला चिकटूनच राहू दिली. काही मुळं काळी पडली होती. ती ओढली की साल हातात येते आणि आत नुसता दोरा राहतो. असली मुळं स्वच्छ कात्रीनं कापली आणि कापल्या जागी हळद लावली. मुळांशी कापसासारखे पांढरे ठिपके दिसतात का, तेही पाहिलं. पिठ्या ढेकूण मुळांवरही घर करतो आणि वरून काहीच कळत नाही. सुदैवानं नव्हता.

नंतर पाच दिवस ती कोरफड स्वयंपाकघराच्या माळ्यावर वर्तमानपत्रावर पडून होती. घरी येणारा प्रत्येक जण विचारायचा, हिला लावत का नाही? जखमा सुकून त्यांच्यावर खपली धरायला एवढे दिवस लागतातच. मला मात्र रोज वाटायचं, निदान पाण्याचा हबका तरी मारावा. मारला नाही.

नवी कुंडी साध्या भाजक्या मातीची घेतली, जुनीपेक्षा दोनच इंच मोठी. मोठी घेऊ नका. जास्त माती म्हणजे जास्त ओल, आणि ती ओल प्यायला तिथे मुळं नसतात. तळाच्या भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेवला, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही. मिश्रणात एक वाटा लाल माती, अर्धा वाटा जुनं शेणखत आणि दोन वाटे भरड वाळू व विटांचे वाटाण्याएवढे तुकडे. काळी माती घातली नाही. शेताला ती सोनं आहे, पण कुंडीत ओली झाली की फुगून बसते आणि पाणी सोडत नाही. कोकणातल्या वाचकांनी जांभ्याची बारीक खडी वापरावी, समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. झाड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच पुरलं. पानांचं बूड मातीखाली गेलं की ते कुजतं.

आणि मग आठ दिवस पाणी नाही.

या आठ दिवसांत तिच्याकडे पाहवत नव्हतं, हे खरं सांगते. पानं पातळ झाली, आतल्या बाजूला दुमडली, हिरव्या रंगात तांबूस छटा आली. मी कुंडी गॅलरीत उजेडाच्या सावलीत ठेवली होती. नव्यानं लावलेल्या झाडाला लगेच दुपारचं ऊन दाखवलं तर पानं भाजतात. तिसऱ्या दिवशी हातात तांब्या घेऊन गेले आणि तसाच परत आणला. दुमडलेलं पान आणि मऊ पडलेलं पान यांतला फरक मला आता कळत होता. दुमडलेलं पान तहानलेलं असतं, पाणी मिळालं की भरून येतं. मऊ, पिवळसर, पारदर्शक पान पाण्यानं बिघडलेलं असतं आणि ते परत येत नाही.

आठव्या दिवशी पाणी घातलं, भोकातून खाली वाहीपर्यंत. बशीतलं पाणी ओतून टाकलं. पुढचं पाणी पंधरा दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचं कोवळं ऊन. खत अजून दिलेलं नाही, पावसाळ्याआधी देणारही नाही. आणि पाऊस सुरू झाला की कुंडी छपराखाली.

परवा सकाळी बुंध्याशी धरून कोरफड हलकेच वर ओढून पाहिली. हलली नाही. मातीनं तिला धरलं होतं. मधोमध बोटभर नवं पान आलंय, फिकट हिरवं, त्यावर पांढरे ठिपके.

तुमच्याकडे अशी दाटलेली कुंडी असेल तर ऊन तापायच्या आत काम उरकून घ्या. राहून गेलं तर पाऊस संपेपर्यंत थांबा, जुलैत मात्र करू नका. आणि ज्यांची झाडं नीट चालली आहेत त्यांनीही उद्या पाणी घालण्याआधी मातीत एक कोरडी काडी खोलवर खुपसून बाहेर काढा. काडीला ओल लागली असेल, तर तांब्या परत ठेवा.