नऊ छायापुरुष

इंग्रज लेखक टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुत महाकथा १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. तिच्यातील राक्षसांहून मला नऊ छायापुरुष अधिक भयंकर वाटतात. ते मूळची माणसेच! सामर्थ्याच्या लोभाने त्यांनी दुष्ट सॉरॉनच्या जादूच्या अंगठ्या स्वीकारल्या. आयुष्य लांबले, पण देह विरत जाऊन दिसेनासा झाला. उरली केवळ सॉरॉनची चाकरी. मेले असते, तर सुटले असते बिचारे! त्यांच्या शस्त्रांपेक्षा त्यांच्या भयानेच शूरांचेही हातपाय गळत. परंतु खरा धोका निराळाच. कथानायक फ्रोडोच्या खांद्यात मोडलेले त्यांच्या सुरीचे टोक हळूहळू हृदयाकडे सरकत होते. ते तेथवर पोहोचते, तर फ्रोडो मेला नसता. त्यांच्यासारखीच छाया होऊन त्यांचा बंदा झाला असता.