तेलाच्या भावावर फिरणाऱ्या क्रेन

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू हातात फोन घेऊनच आल्या. धाकट्याने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे, चार वर्षे इथल्याच एका ठेकेदाराकडे साइटवर काम करतो. आता रियाधहून सुपरवायझर म्हणून बोलावणे आले आहे. पगार इथल्या तिप्पट, राहणे-जेवण कंपनीचे. काकूंना आनंद होता आणि धाकधूकही. त्यांच्या जाऊबाईंचा मुलगा २०१६ साली जेद्दाहून पाच महिन्यांच्या पगारावर पाणी सोडून परतला होता. "तिथली बांधकामं अशीच चालू राहतील काय हो? एनु माडोदु, तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

हा प्रश्न एकट्या काकूंचा नाही. आपल्या भागातल्या, कारवार-भटकळच्या, गोव्याच्या आणि कोकणातल्या अनेक घरांचा आहे. म्हणून त्यांच्याशी झालेले बोलणेच आज येथे मांडतो.

तेलावर चालणाऱ्या देशातले बांधकाम समजून घ्यायला फार लांब जायला नको. चिक्कोडी, अथणी, गोकाकच्या पट्ट्यात ऊसबिलावर गाव कसे चालते ते आपण पाहतोच. कारखान्याचे बिल वेळेवर जमा झाले की गावात स्लॅब पडू लागतात, गवंडी शोधून मिळत नाही. बिल लांबले की घरे लिंटलपर्यंत येऊन थांबतात. यात गवंड्याची काहीच चूक नसते, तरी मजुरी त्याचीच अडकते. सौदी अरेबियात उसाच्या जागी तेल आहे आणि शेतकऱ्याच्या जागी सरकार.

तिथले रस्ते, विमानतळ, मेट्रो, नवी शहरे यांतल्या बहुतेक मोठ्या कामांचा मालक सरकार किंवा सरकारचाच गुंतवणूक निधी असतो. २०१४ च्या सुमारास सरकारच्या दर दहा रियाल उत्पन्नातले जवळजवळ नऊ तेलातून येत. हे धोक्याचे आहे हे ओळखून २०१६ साली 'व्हिजन २०३०' ही योजना आखली गेली. पर्यटन, कारखाने, कर यांवर भर दिला. २०२० मध्ये मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून एकदम १५ टक्क्यांवर नेला. तरीही २०२४ मध्ये दहातले सहा रियाल तेलाचेच होते. सौदीचा जमाखर्च जुळायला पिंपामागे नव्वद डॉलरच्या वर भाव हवा, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा त्या वर्षीचा अंदाज होता. बाजारात सरासरी भाव मिळाला ऐंशीच्या आसपास. वर्षअखेर तूट राहिली.

भाव कोसळला की काय होते, हे दहा वर्षांपूर्वी जगाने पाहिले. जून २०१४ मध्ये पिंपाचा भाव ११० डॉलरच्या वर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० च्याही खाली आला. २०१५ सालची सौदी सरकारची तूट ३६७ अब्ज रियाल होती. सरकारी नोकरांचे पगार एकदम बंद करता येत नाहीत, ठेकेदारांची बिले मात्र लांबवता येतात. तेच झाले. सरकारकडे मोठ्या कंपनीचे बिल अडकले, कंपनीकडे पोटठेकेदाराचे आणि पोटठेकेदाराकडे मजुराचे. पगार नसलेल्या हजारो भारतीय कामगारांना २०१६ च्या उन्हाळ्यात जेद्दाच्या आपल्या वाणिज्य दूतावासाने शिधा पुरवला. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः लक्ष घातले, राज्यमंत्री व्ही. के. सिंग तिकडे जाऊन आले. त्यांतले अनेक कामगार ज्या 'सौदी ओजर' या बड्या कंपनीचे होते, ती २०१७ च्या जुलैअखेर बंदच पडली. मालकाच्या संमतीशिवाय दुसरी नोकरी धरता येत नसे, देश सोडायलाही त्याची परवानगी लागे. अडकलेला माणूस दोन्ही बाजूंनी अडकला.

म्हणून तिथली कामे कायमची बुडाली असे मात्र नाही. रियाध मेट्रोची कंत्राटे २०१३ मध्ये, तेल शंभरीच्या वर असताना दिली गेली. सहा मार्ग, १७६ किलोमीटर. ठेकेदारांत आपली लार्सन अँड टुब्रोही होती. पहिली गाडी लोकांसाठी धावली १ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे ११ वर्षांनी. देश उशिरा का होईना काम पुरे करतो. देशाला ११ वर्षे थांबता येते. घरी कर्जाचा हप्ता असलेल्या माणसाला ११ आठवडेही थांबता येत नाही.

मग पुढचे चित्र काय? माझ्या मते तिथल्या कामांचे दोन ढीग करावेत. पहिला, तारीख ठरलेल्या आणि रोजच्या गरजेच्या कामांचा. २०३० चे जागतिक प्रदर्शन रियाधला आहे, २०३४ ची फुटबॉल विश्वचषक स्पर्धा सौदीत आहे. पाहुण्यांना आमंत्रणे गेली की मांडव घालावाच लागतो. पाणी, वीज, रस्ते, इस्पितळेही लागतातच. दुसरा ढीग स्वप्नांचा. 'द लाइन' हे १७० किलोमीटर लांब आणि ५०० मीटर उंच सरळ रेषेतले शहर २०२१ मध्ये जाहीर झाले. २०३० पर्यंत त्यातले जेमतेम अडीच किलोमीटर उभे राहील, अशा बातम्या २०२४ मध्येच येऊ लागल्या. पैसा आखडला की या ढिगातले काम आधी थांबते. बांधकाम बंद पडणार नाही. कोणती क्रेन फिरेल आणि कोणती थांबेल, हे तेलाच्या भावावर ठरेल.

काकूंना मी म्हटले, मुलाला अडवू नका. पण सही करण्याआधी त्याने चार गोष्टी विचाराव्यात. काम कोणत्या ढिगातले आहे? कंपनी मुख्य ठेकेदार आहे की तिसऱ्या हाताची? पगार दरमहा बँकेत जमा होणार का? आणि एजंट सरकारकडे नोंदलेला आहे का? मार्च २०२१ पासून तिथले नियम सैल झाले आहेत. ठरलेल्या अटी पाळून नोकरी बदलता येते, मालकाला न विचारता मायदेशी येता येते. पण कराराची प्रत स्वतःजवळ नसेल तर नियमाचा उपयोग नाही. एक प्रत घरीही ठेवावी. वेळ आलीच तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते.

आणि घरच्यांसाठी एक पाचवी गोष्ट. पहिला पगार आला की वरच्या मजल्याचे सेंटरिंग लावायची घाई नको. निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत नवे कर्ज नको. सौदीतली तूट सरकार कर्ज काढून भरते, आपली कोण भरणार?

काकू हसल्या. "आमच्या अव्वा म्हणायच्या, हासिगे इद्दष्टु कालु चाचु." माझी आजी तेच मराठीत म्हणायची, अंथरूण पाहून पाय पसरावेत. आपल्याकडे बऱ्याच घरांत एक आजी कन्नड आणि एक मराठी. हिशेब मात्र दोघींचा एकच.

मुलगा पुढच्या महिन्यात जाणार आहे. वरच्या मजल्याचे पुढच्या वर्षी बघू, असे ठरले आहे.