जेलातून सुटणाऱ्या पोराला घरी कोण आणणार?



येत्या चैत्रात आपल्या एका पाड्यावरचा एकोणीस वर्षांचा पोरगा जेलातून सुटतोय. त्याचं नाव छापत नाही, त्यानेच नको सांगितलंय. जंगलखात्याची माणसं प्लॉटवर चर खणायला आली तेव्हा तो आडवा झाला होता. सरकारी कामात अडथळ्याची केस लागली. संघटनेने एकदा जामीन केला. मग तो वीटभट्टीवर गेला, दोन तारखा चुकल्या, वॉरंट निघालं. श्रावणात आवणी चालू असताना पोलिसांनी त्याला शेतातून उचललं.

दुसऱ्या वेळी कोर्टाने जामीन दिला, पण जामीनदार मिळाला नाही. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. प्लॉट कसणाऱ्याकडे दोन्ही नाही. जमीन नावावर नाही म्हणून केस झाली, आणि नावावर नाही म्हणूनच तो आत राहिला.

1978 साली सुप्रीम कोर्टात मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आली होती. त्याला दहा हजाराचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने त्याला एक हजाराच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. हा निकाल आपल्या पोराच्या वेळी वकिलाने दाखवला नाही, आणि आपणही वकिलाला विचारलं नाही. नंतर आठ महिन्यांची शिक्षा लागली. आत काढलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून आता सुटतोय.

मुलाखतीला जायचं काम संघटनेने माझ्याकडे दिलंय. पहिल्या तीन मुलाखतींत मीच बोललो. मोर्चा कसा झाला, साहेब कसा घाबरला, हेच सांगत होतो. चौथ्या वेळी म्हटलं, "गेटवर झेंडे घेऊन येतो, मिरवणूक काढू." तो खाली बघून म्हणाला, "दादा, झेंडा नको. अंधार पडल्यावर मागच्या वाटेनं घरी ने."

मला वाईट वाटलं. मग कळलं. आपण जेल भरोत जातो तेव्हा शंभर जण असतो, गाणी म्हणतो, चार दिवसांत बाहेर येतो. हा आठ महिने एकटा होता. बराकीत त्याला चोरच समजत होते. तिथल्याच एकाने त्याला शहरातल्या कामाचा पत्ता दिलाय. काम कसलं ते सांगितलं नाही. तो पत्ता त्याने पाठ करून ठेवलाय. आपण त्याला कोणता पत्ता दिला?

घरी त्याच्या बापाने वकिलासाठी भट्टीच्या शेठकडून उचल घेतलीय. पोरगा सुटला की शेठचा माणूस दारात उभा राहणार. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं 1976 च्या वेठबिगार कायद्याने गुन्हा आहे, हे बापाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

म्हणून पाड्याच्या बैठकीत ही कामं वाटून घ्या:

1. सुटकेच्या दिवशी दोघांनी सकाळपासून गेटवर थांबायचं. कधीकधी संध्याकाळी सोडतात, तोवर शेवटची एसटी गेलेली असते. भाड्याचे पैसे आणि भाकर सोबत असू द्या.

2. सुटकेचा कागद आणि निकालाची नक्कल घ्या. एक प्रत घरी, एक ऑफिसात ठेवा.

3. त्याच्या प्लॉटवर आताच राब भाजून ठेवा. प्लॉट पडीक दिसला तर खातं रोपं लावेल आणि कब्जा गेला म्हणेल. त्याच्या बापाच्या दंडाच्या पावत्याही जपून ठेवा.

4. शेठकडे बाप एकटा जाणार नाही. पाच जण जातील.

5. एक सोबती ठरवा. त्याने पहिले सहा महिने आठवड्यातून एकदा त्याच्या घरी जायचं. भाषण करायचं नाही. नांगरायला, मासे धरायला बरोबर न्यायचं. तो बोलला तर ऐकायचं.

आणखी एक. ज्यांच्यावर केसेस आहेत त्या सगळ्यांच्या तारखा ऑफिसच्या भिंतीवर लिहिल्यात. भट्टीवर जाणाऱ्याने तारीख बघून जायचं, आणि पाड्यावरच्यांनी त्याला निरोप पाठवायचा. हे आधी केलं असतं तर हा पोरगा आत गेलाच नसता. ही चूक त्याची एकट्याची नाही, आपली आहे.

मागच्या मुलाखतीत मी गप्प बसलो. त्याने विचारलं, "माझ्या प्लॉटात वरई कोणी कापली?" म्हटलं, सगळ्या पाड्याने. तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मागच्या वाटेनं म्हणतोय तर मागच्या वाटेनं आणू. पण आणायला जाऊ.

जिंदाबाद!