लोणारच्या पाण्याचे ‘चतुर’ साक्षीदार

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे मूळ क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत असल्याचे दाखविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. रंग बदललेले पाणी सर्वांनाच दिसते. रंग न बदलता होणारा बिघाड कोण सांगणार? त्याचे साक्षीदार पाणथळ जागी भिरभिरत असतात. ते म्हणजे चतुर आणि टाचण्या.

या कीटकांचे पूर्वज सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी आकाशात उडत होते. मात्र त्यांच्या वंशाची पाण्याशी असलेली नाळ अद्याप तुटलेली नाही. त्यांची पिल्ले पाण्यातच वाढतात, कल्ल्यांनी श्वास घेतात आणि डासांच्या अळ्या फस्त करतात. पाण्याचा नमुना त्या दिवसाची स्थिती सांगतो. पिल्लू जगून पंख धारण करते, तेव्हा मागील कित्येक आठवड्यांचा हिशेब हाती येतो.

या दृष्टीने लोणार ही निसर्गाने मांडलेली प्रयोगशाळाच होय. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे, तर उतारावरील धार आणि सीतान्हाणी येथील झऱ्यांचे पाणी गोडे. बहुतेक जातींच्या पिल्लांना गोडे पाणीच मानवते. कोणती जात कुठवर जुळवून घेते, हा उत्क्रांतीचा प्रश्न येथे एकाच विवरात तपासता येतो.

मात्र केवळ उडणारे चतुर मोजून भागणार नाही. पँटाला फ्लेव्हेसेन्स या जातीचे चतुर भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जात असावेत, अशी मांडणी चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये केली. अशा प्रवाशाचे दर्शन स्थानिक पाण्याचा दाखला ठरत नाही. काठावरील गवताला चिकटलेली पिल्लाची रिकामी कात हाच खरा पुरावा होय.

येथेच लोणारचे वेगळेपण ध्यानात घ्यावे लागते. अन्यत्र चतुरांची वाढ ही शुभवार्ता. परंतु गोड्या पाण्यातील जातींच्या काती सरोवराच्या काठी वाढू लागल्या, तर ती धोक्याची सूचना समजावी. सरोवराचा क्षार पातळ होत असल्याचे ते लक्षण असू शकेल. उलट झऱ्यांकाठच्या काती घटल्या, तर साबण, सांडपाणी वा कीटकनाशकांचा संशय घ्यावा लागेल.

लोणारला २००० मध्येच अभयारण्याचा दर्जा मिळाला; पण दर्जा म्हणजे देखरेख नव्हे. वन विभाग आणि जिल्ह्यातील महाविद्यालयांनी पावसाळ्यापूर्वी व नंतर काती मोजण्याचा पायंडा पाडावा. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. सातत्य मात्र लागते.