अदृश्य पुराचा दुतोंड्या मारुती

गुरू सिंह राशीस आला की रामकुंडाकाठचे, बारा वर्षे मिटलेले गंगा-गोदावरीचे मंदिर उघडते आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थाचा पर्वकाळ सुरू होतो. जाहीर झालेल्या कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून नाशिकची अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ या दिवशी आहेत. पंचांगकर्ते तिथी आणि मुहूर्त मिनिटांच्या हिशेबाने सांगतात. आखाड्यांचा क्रम ठरतो. पोलीस मार्ग आखतात. रेल्वे जादा गाड्या सोडते. एवढ्या काटेकोर व्यवस्थेत एकच गोष्ट स्नानाला येणाऱ्या माणसाच्या कानी सहसा पडत नाही. ज्या पाण्यात तो उतरणार, ते पाणी त्या दिवशी कसे आहे?

हा प्रश्न आम्ही श्रद्धेला आव्हान म्हणून विचारीत नाही. नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणतच नाही. तो तिला गंगाच म्हणतो, आणि नदीवर निघाला की 'गंगेवर जाऊन येतो' असेच सांगून घराबाहेर पडतो. अशा नाशिककरांपैकीच आम्ही आहोत. आमची विचारणा आहे ती आईच्या प्रकृतीची मुलाने करावी तशी.

नदीची प्रकृती पाहण्याची या गावाची एक जुनी रीत आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सुटले की गावभर एकच प्रश्न ऐकू येतो: पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्यापर्यंत आले म्हणजे घाटावरची दुकाने उचलायची. कमरेपर्यंत चढले म्हणजे काठच्या वाड्यांतील सामान माडीवर न्यायचे. आणि मारुती गळ्यापर्यंत बुडाला की काय समजायचे, ते नाशिकच्या पोरालाही ठाऊक असते. समोर नारोशंकराची घंटा आहे. १९६९ च्या महापुराची आठवण सांगताना जुनी माणसे त्या घंटेपाशी हटकून येतात. फूटपट्टी नाही की यंत्र नाही. पण पूर केवढा, हे सर्वांना एकाच वेळी, एकाच भाषेत कळते. सार्वजनिक ज्ञान असावे तर असे.

परंतु नदीला आणखी एक पूर येतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि तो मोजण्यासाठी घाटावर कोणताही मारुती उभा नाही.

आमच्या एका आप्तांच्या घरची गोष्ट आहे. सिंहस्थातल्या एका पर्वणीला घरातल्या आजी मोठ्या हौसेने गंगेवर गेल्या. स्नान केले, ओंजळभर पाणी तीर्थ म्हणून प्राशन केले आणि तांब्याचा गडू भरून घरी आणला. नातवंडांच्या हातावरही पळीपळी घातले. तिसऱ्या दिवशी आजींना आणि धाकट्या नातवाला हगवण लागली. नातू दोन दिवसांत उठला. आजींना मात्र आठ दिवस सलाइनवर काढावे लागले. डॉक्टरांनी विचारले, 'बाहेरचे काय खाल्ले? पाणी कुठले प्यायले?' वाटेतला उसाचा रस, अन्नछत्रातील जेवण आणि गंगेचे तीर्थ अशी तिन्ही नावे निघाली. दोष कशाचा होता, हे कोणीच सांगू शकले नाही. त्या दिवशी पाण्यात काय होते, याची माहिती त्या घरापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. आजी मात्र अखेरपर्यंत उसाच्या रसालाच बोल लावीत राहिल्या.

२०१५ साली काय आढळले

आता ही माहिती मिळूच शकत नाही, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. २०१५ च्या नाशिकच्या सिंहस्थात पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील संशोधकांनी गोदावरीवरील पाच ठिकाणच्या पाण्याचा अभ्यास केला. जिवाणूंच्या जनुकद्रव्यावरून त्यांची ओळख पटविण्याची नवी पद्धत त्यांनी वापरली. हे संशोधन २०१८ मध्ये 'मायक्रोबियल इकॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. स्नानाच्या गर्दीच्या काळात पाण्यातील जिवाणूंचा भार सुमारे १३० पट वाढल्याचा त्यांचा अंदाज आहे. नदीत एरवी नांदणाऱ्या जिवाणूंची विविधता मात्र सुमारे ३७.५ टक्क्यांनी घटली. वाढलेल्या भाराचा मोठा भाग माणसांच्या शरीरांतून आलेला होता. रोगकारकतेशी आणि प्रतिजैविकांना दाद न देण्याच्या शक्तीशी निगडित असलेली जनुकेही या काळात वाढत असावीत, असे अनुमान त्यांनी मांडले.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. स्नान करणारा प्रत्येकजण आजारी पडला, असे या संशोधनाने दाखविलेले नाही. जिवाणू म्हटला की तो रोगजंतूच, असेही नव्हे. नदीत वास करणारे बहुसंख्य जिवाणू निरुपद्रवी असतात. घाण पचवून पाणी निवळवण्याचे काम त्यांतले कित्येक करतात. नदीचे स्वयंशुद्धीकरण म्हणतात ते पुष्कळसे याच अदृश्य सेवेकऱ्यांमुळे होते. काळजीची बाब ती हीच. पर्वणीच्या गर्दीत पाहुण्यांची संख्या वाढते आणि घरची सेवेकरी मंडळी उठून जातात.

यात आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते ते निराळेच. स्नान २०१५ साली झाले आणि निष्कर्ष छापून आले २०१८ साली. शास्त्रज्ञांचा यात दोष नाही; संशोधनाची चाल अशीच असते. पण ज्या यात्रेकरूच्या पायाखालचे ते पाणी होते, त्याच्या गावी हे ज्ञान कधी पोहोचले असेल? बहुधा कधीच नाही.

जुन्या मेळ्यांची शिकवण

मेळा आणि महामारी यांचे नाते नवे नाही. १८६७ साली हरिद्वारच्या कुंभात लाखो लोक जमले होते. मुख्य स्नान १२ एप्रिलला. आदल्या रात्री मुसळधार पाऊस कोसळला आणि त्यापाठोपाठ पटकीने डोके वर काढले. घरी परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती साथ उत्तर हिंदुस्थानभर गावोगाव गेली. तेव्हा पटकीचे कारण वैद्यकाला निश्चित ठाऊक नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातील संशोधनाने तिचा जंतू ठामपणे दाखवून दिला तो १८८४ मध्ये. त्या काळातील माणसांना अज्ञानाची सबब होती. आपणांस ती नाही.

त्या कथेतला पाऊस नाशिककरांनी विसरू नये. प्रयाग आणि हरिद्वारचे मेळे थंडीच्या किंवा उन्हाळ्याच्या तोंडावर भरतात. आपला सिंहस्थ ऐन पावसाळ्यात येतो. जोराची सर आली की रस्त्यांवरची घाण, नाल्यांचे पाणी आणि तुंबलेल्या गटारांतला मैला एकदमच नदीत उतरतो. वरून पाहणाऱ्याला पाणी भरपूर दिसते, वाहते दिसते, आणि त्याला वाटते की नदी स्वच्छ झाली. प्रत्यक्षात पावसानंतरचा पहिला दिवसच अनेकदा सर्वांत वाईट असतो.

पॅरिसला नेमका हाच अनुभव आला. तेथील सेन नदीत १९२३ पासून पोहण्यास बंदी होती. २०२४ च्या ऑलिंपिकसाठी फार मोठा खर्च करून नदी सुधारण्यात आली. तरीही पावसाने पाणी बिघडले आणि पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत ३० जुलैवरून ३१ जुलैवर ढकलावी लागली. यात त्या शहराची नाचक्की झाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. पाणी मोजले, निकाल जगासमोर ठेवला आणि त्याप्रमाणे वागले. यातच त्यांचा मोठेपणा आहे. २०२५ च्या जुलैत तेथे सर्वसामान्यांसाठी स्नानस्थळे उघडली, तेव्हा काठावर हिरवे, पिवळे आणि तांबडे निशाण लावून त्या दिवशीचे पाणी कसे आहे, हे सांगण्याची पद्धत ठेवण्यात आली.

मापन कसे करावे

आपल्याकडे मापे नाहीत, असे नाही. स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या ५०० पर्यंत असणे इष्ट आहे, आणि २५०० च्या वर ती मुळीच जाऊ नये. हे जिवाणू म्हणजे एक खूण असते. ते दिसले की पाण्यात मैला मिसळला आहे आणि त्यासोबत विषमज्वर, कावीळ, हगवण यांचे जंतू असण्याचा संभव आहे, असे समजावे.

अडचण वेळेची आहे. नेहमीच्या पद्धतीने जिवाणू वाढवून मोजायला एक ते दोन दिवस लागतात. म्हणजे आज हाती येते ते कालच्या पाण्याचे वर्तमान. परंतु जनुकद्रव्यावरून मापन करण्याच्या पद्धतीने हे काम काही तासांत होते. अमेरिकेतील शिकागो शहरात तळ्याकाठच्या स्नानस्थळांसाठी २०१७ पासून ही पद्धत रोजच्या वापरात आली. पहाटे पाणी घ्यावे आणि त्याच दिवशी निकाल लावावा, हे आज शक्य आहे.

उशिरा मिळालेल्या माहितीचे काय होते, ते प्रयागच्या २०२५ च्या कुंभात दिसले. केंद्रीय मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला दिलेल्या एका अहवालात पाणी निरनिराळ्या वेळी निकषांत बसत नसल्याचे म्हटले; पुढे त्याच मंडळाच्या दुसऱ्या अहवालात सांख्यिकीय विश्लेषणानुसार पाणी स्नानयोग्य असल्याचा निर्वाळा आला. वाद न्यायाधिकरणात आणि वर्तमानपत्रांत रंगला. स्नान करणारे मात्र तोवर स्नान करून घरी गेले होते.

धर्माला बाधा कोणती?

कोणी म्हणेल, गंगेची परीक्षा घेणे हेच पाप. आम्ही नम्रपणे विचारतो, पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असा दंडक धर्मशास्त्रांनीच घातलेला नाही काय? नदीला अपवित्र कोणी करू शकत नाही, ही श्रद्धा आम्ही मानतो. पण तिला घाण करता येते, हे आपण सर्वांनी सिद्ध करून दाखविले आहे. पावित्र्य ही देवाची देणगी असेल. स्वच्छता हे मात्र माणसाचे काम आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. शर्यत एक दिवस पुढे ढकलता येते, तिथी ढकलता येत नाही. हे खरे. म्हणूनच पाण्याची तयारी तिथीच्या कितीतरी आधी झाली पाहिजे. एकही नाला प्रक्रियेवाचून नदीत येता कामा नये. आणि म्हणूनच माहितीही दिली पाहिजे. अमृतस्नानाचा दिवस एक. पण सिंहस्थाचा काळ वर्षाहून मोठा असतो. आज पाणी बरे नाही, हे कळले तर तान्ह्या मुलाची आई, पायाला जखम असलेला मधुमेही, नुकताच दवाखान्यातून उठलेला म्हातारा दुसरा दिवस निवडील. ज्याला तेही शक्य नाही, त्याच्यासाठी शास्त्राने मंत्रस्नान सांगितले आहे, मानसस्नान सांगितले आहे. मस्तकावर चार थेंबांचे प्रोक्षण तर आहेच. आपल्या पूर्वजांनी अशक्तांसाठी सवलत ठेवली होती. ती घेण्याची वेळ कोणती, एवढेच विज्ञान सांगणार आहे.

आमची मागणी लहान आहे. दुतोंड्या मारुतीजवळ एक फलक असावा. पाणी बरे, मध्यम की वाईट, हे त्यावर रोज सकाळी तीन रंगांत आणि मराठी-हिंदी दोन्ही भाषांत लिहावे. रामकुंडाबरोबर तपोवनाचे आणि त्र्यंबकच्या कुशावर्ताचेही पाणी रोज तपासावे. कुशावर्त हे कुंड, तेथे वाहून जाण्याची सोय नदीइतकी नाही. तीर्थ म्हणून प्राशन करण्यासाठी घाटावरच शुद्ध केलेल्या गोदाजलाची सोय असावी. मेळ्यातील दवाखान्यांत हगवणीचे, तापाचे रुग्ण किती आले, याची नोंद त्याच संध्याकाळी एकत्र व्हावी. २०१३ च्या प्रयागच्या कुंभात हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हातातल्या लहान संगणकांवर अशी नोंद करून दाखविलेली आहे. मनुष्यबळाची ओरड करण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच नाशकात आहे. पर्वकाळी घाटावर सेवा करणे हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एखाद्या परीक्षेहून अधिक शिकवून जाईल.

आकडा वाईट आला तर गावाची बदनामी होईल, या भीतीने तो दडपला जाईल, ही शंका आमच्या मनात आहे. तिला उत्तर म्हणून मारुतीकडेच बोट दाखवावेसे वाटते. पूर आला म्हणून कोणी मारुती झाकून ठेवला आहे काय? तो उघड्यावर उभा आहे, म्हणूनच गाव वेळेवर सावध होते. अदृश्य पुराचेही तसेच व्हावे. पुढच्या पर्वणीला एखादी आजी गडू घेऊन पायऱ्या उतरू लागेल, तेव्हा तिच्या नातवाने फलक वाचून तिला सांगावे, 'आजी, आज पाणी चांगले आहे, उतर.' आणि ते त्या दिवशी खरे असावे.