टेलिफोनच्या बिलाचा तंटा : दुबईत राहणाऱ्या आपल्या मुलांनी दाद कोठे मागावी?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. ज्यांनी ऊसमळ्याच्या जमिनीवरून वर्षानुवर्षे चाललेले दावे पाहिले, त्यांच्या तोंडी हे बोलणे शोभते. परंतु त्याच म्हणीचा आधार घेऊन लहानमोठा अन्याय मुकाट्याने गिळण्याची सवय लागली, तर ती शहाणपणाची गोष्ट राहत नाही.

हा विचार मनात येण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो हॉटेलच्या नोकरीसाठी दुबईला गेला. करार संपल्यावर मायदेशी परतताना त्याने मोबाईलची जोडणी बंद करण्यास तोंडी सांगितले, पण पावती घेतली नाही. पुढे काही महिन्यांची बिले त्याच्या नावावर चढली. त्याने मला विचारले, तेव्हा मी म्हणालो, "जाऊ दे बाळा, आता तू घरी आलास, सोडून दे." दोन वर्षांनी त्याला तेथे पुन्हा नोकरी मिळाली आणि बँकेत कर्ज मागताना तेच जुने बिल आडवे आले. माझा सल्ला चुकीचा होता, हे येथे कबूल करतो. आपल्या बेटावरील अनेक घरांतील मुले-मुली आज आखातात कामाला आहेत, म्हणून तेथील व्यवस्था नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

संयुक्त अरब अमिरातीत टेलिफोनचा कारभार दोनच कंपन्यांच्या हाती आहे. एतिसलात १९७६ साली स्थापन झाली आणि तीस वर्षे ती एकटीच होती. दुसरी कंपनी 'डू' हिची मोबाईल सेवा २००७ साली सुरू झाली. २०१७ पासून 'व्हर्जिन मोबाईल' हे तिसरे नाव दिसते, पण तेही डूच्याच मालक कंपनीचे. दोन्ही कंपन्यांत सरकारी भांडवलाचा मोठा वाटा आहे. म्हणून परदेशी कामगाराला वाटते की, सरकारच्या कंपनीविरुद्ध आपले कोण ऐकणार? ही भीती स्वाभाविक आहे, पण पूर्णपणे खरी नाही.

कारण कंपन्यांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र संस्था तेथे २००३ च्या कायद्याने निर्माण झालेली आहे. टेलिकम्युनिकेशन्स अँड डिजिटल गव्हर्नमेंट रेग्युलेटरी अथॉरिटी हे तिचे आजचे नाव. तिचा नियम सोपा आहे. ग्राहकाने आधी कंपनीकडे तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. कंपनीने दाद दिली नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर तो क्रमांक घेऊन या संस्थेकडे जावे. क्रमांकच नसेल, तर पुढचे दार उघडत नाही. माझ्या विद्यार्थ्याचे नेमके येथेच अडले.

मग कोर्टाचे काय? लहान दाव्यांसाठी तेथे एकाच न्यायाधीशाची न्यायालये आहेत. २०२२ साली झालेला आणि जानेवारी २०२३ पासून अमलात आलेला नवा दिवाणी कार्यपद्धतीचा कायदा सांगतो की, पन्नास हजार दिऱ्हमांपर्यंतच्या दाव्यात या न्यायालयाचा निकाल अंतिम असतो, त्यावर सहसा अपील नाही. तंटा लवकर संपतो, हा यातला फायदा. पण ज्याचे कागद अपुरे, त्याला दुसरी संधीही नाही, हे विसरू नये. शिवाय कोर्टाची भाषा अरबी. आपले कागद अरबीत भाषांतर करून द्यावे लागतात आणि दाव्याच्या रकमेप्रमाणे फी भरावी लागते. अबू धाबीच्या न्यायखात्याने फेब्रुवारी २०१९ मध्ये अरबी व इंग्रजीच्या जोडीला हिंदीला स्थान दिले, तेही मुख्यतः कामगारांच्या खटल्यांसाठी. तीनशे दिऱ्हमांच्या बिलासाठी भाषांतराचा खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुबईत 'स्मॉल क्लेम्स' या नावाचे एक न्यायाधिकरण खरोखर आहे. ते दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरच्या न्यायालयांचे. कामकाज इंग्रजीत चालते आणि सहसा वकिलाशिवाय बाजू मांडता येते. हे ऐकून अनेकांना वाटते की टेलिफोनचे गाऱ्हाणे तेथेच न्यावे. पण त्या केंद्राशी व्यवहाराचा संबंध असावा लागतो, किंवा दोन्ही पक्षांनी तसे लेखी मान्य केलेले असावे लागते. साध्या मोबाईल ग्राहकाला ते दार सहसा बंदच असते.

भारतात काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्रात १९७० च्या दशकात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. १९८६ साली देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला आणि वकिलावाचून दाद मागण्याची सोय झाली. परंतु २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, टेलिफोनच्या बिलाचा वाद १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे लवादाकडेच न्यावा, ग्राहक न्यायालयात नव्हे. अहमदाबादच्या एका ग्राहकाला महिन्याला सरासरी साडेपाचशे रुपयांचे बिल येत असे. २०१३ च्या अखेरीस त्याला एकदम चोवीस हजारांहून अधिक रुपयांचे बिल आले. त्याने २०१४ साली तक्रार केली. ग्राहक मंच ती ऐकू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. बिल बरोबर की चूक हा प्रश्न बाजूलाच राहिला, कोणत्या दाराने आत जावे एवढे ठरण्यातच आठ वर्षे गेली! पण त्या एका माणसाच्या चिकाटीने कोट्यवधी ग्राहकांचे दार मोकळे झाले, हेही तितकेच खरे.

आपल्या बेटाचा इतिहास तरी काय सांगतो? मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिले की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. हिशेबाची वही मालकाच्या हाती आणि मजुराच्या हाती केवळ आठवण. १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या साह्याने हजारो भारतीयांनी लेखी अर्ज केला, तेव्हाच १८७२ चे शाही चौकशी मंडळ येथे आले. तोंडी रडगाणे समुद्रापार पोहोचले नसते. लिहिलेला आणि सह्या केलेला कागद पोहोचला.

म्हणून दुबईला निघणाऱ्या मुलांना पालकांनी एवढे जरूर सांगावे. करार सही करण्यापूर्वी मुदत किती आणि मध्येच सोडल्यास भरपाई किती, हे विचारावे. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व तारीख वहीत लिहावी. देश सोडण्यापूर्वी जोडणी बंद केल्याचा आणि काही देणे उरले नसल्याचा लेखी दाखला घ्यावा. तेथील अल् एतिहाद क्रेडिट ब्युरोकडे टेलिफोनच्या बिलांचीही नोंद जाते आणि तीनशे ते नऊशेपर्यंतच्या गुणांत माणसाची पत मोजली जाते. गुण कमी, तर कर्ज अवघड.

कोर्टाची पायरी चढावी की नाही, हे रक्कम पाहून ठरवावे. बहुतेक वेळा तेथपर्यंत जाण्याची गरजच पडणार नाही. पण गरज पडलीच, तर हाती कागद हवा. शाळेत आम्ही मुलांना गणित सोडवताना प्रत्येक पायरी लिहायला लावतो, नुसत्या उत्तराला गुण देत नाही. ही सवय त्यांनी विमानातून उतरल्यावरही सोडू नये, एवढीच विनंती.