सही करण्याआधी माळ्यावर चढा

मीरा रोडला आपण टॉवरमध्ये राहतो, पण आपल्यापैकी कितीतरी जणांचं जुनं घर अजून गावठाणात उभं आहे. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी लागतात. रस्त्यालगतची कौलारू घरं बघा. पुष्कळांना कुलूप आहे. कुलूप लागलं की एखादं कौल सरकलेलं कुणाला कळत नाही. पाणी वाशावर ठिबकतं, वासा कुजतो, वाळवी तुळईपर्यंत पोचते. मग आपणच म्हणतो, घर धोकादायक झालंय, बिल्डरला देऊन टाकू.

माझी कळकळीची विनंती आहे, सही करण्याआधी एकदा माळ्यावर चढा. टोच्याने वासे टोचून बघा. लाकूड टणक लागलं, तर खर्च बहुधा शाकारणी आणि थोड्या वाशांवर भागतो. चुन्याच्या भिंतीवर मात्र सिमेंटचा गिलावा करू नका. आतली ओल कोंडते आणि भिंत पोखरते. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल, पण शोधाच.

मग घराला काम द्या. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने राहण्यासाठी बांधला. तिथे 1821 साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली, पुढे नगरपालिकेचं कामकाज चाललं, टपाल कचेरीही आली. धनी बदलले, वापर बदलले, वाडा टिकला. आपलं घर वाडा नाही, पण ओटीवर पोरांची अभ्यासिका चालेल, पडवीत पाळणाघर किंवा खानावळ चालेल. उत्तनला समुद्र बघायला येणाऱ्यांना घरचं जेवण आणि रात्रीची खोली हवीच असते.

भाड्याने देणार असाल तर अकरा महिन्यांवर अडू नका. एवढ्याशा मुदतीसाठी कुणी पदरचे पैसे घालून छप्पर दुरुस्त करणार नाही. पाच वर्षांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, तो नोंदवा, आणि दुरुस्तीचा खर्च भाड्यातून कसा वळता होईल ते त्यात लिहा. त्याआधी सगळे वारस एकत्र बसा. मला विचाराल तर लाकडापेक्षा घरं भावकीच्या अबोल्यानेच जास्त पडतात. आत्याचं, बहिणीचं नाव राहिलं असेल तर आधी ते लावून घ्या.

आणि हे सगळं ठरेपर्यंत थांबू नका. मे महिन्यात माणूस लावून कौलं तेवढी चाळून घ्या.